कन्नडातून आलेली पिवळी पाखरं

‘कू’ हे ॲप सर्वप्रथम आलं ते कन्नडात. इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. मार्च २०२० मध्ये बंगळूरच्या एका छोट्या कंपनीने ते लोकांसमोर ठेवलं, तेव्हा देश टाळेबंदीच्या उंबरठ्यावर होता आणि कुणाचं लक्ष त्याच्याकडे गेलं नाही. आज ‘कू’ची आठवण निघते ती दिल्लीतले मंत्री, ट्विटरशी झालेला वाद आणि शेवटी बंद पडलेला धंदा अशी. पण त्या ॲपचे पहिले वापरकर्ते कन्नड लिहिणारे होते. पुढच्या चार वर्षांत काय कमावलं गेलं आणि काय हातचं गेलं, हे समजून घ्यायचं तर त्या लोकांपासूनच सुरुवात करावी लागते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आमच्या जोयडा तालुक्यातून ही गोष्ट वेगळी दिसते. इथे घरात कोंकणी किंवा मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, पर्यटकांशी हिंदी आणि मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी, अशी दिवसभराची भाषांची अदलाबदल चालते. एका भाषेत विचार करायचा आणि दुसरीत अर्ज भरायचा, याची सवय लहानपणापासूनची. त्यामुळे ‘तुमच्या भाषेत बोला’ असं सांगणारं ॲप आपल्याच राज्याच्या राजधानीतून निघालं, ही गोष्ट आमच्यासाठी लहान नव्हती.

हे ॲप काढणारे दोघे. अप्रमेय राधाकृष्ण यांनी त्याआधी ‘टॅक्सीफॉरशुअर’ ही कंपनी उभी केली होती. २०१५ मध्ये ‘ओला’ने ती २० कोटी डॉलरना विकत घेतली. मयंक बिदावतका हे ‘रेडबस’च्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. दोघांच्या ‘बॉम्बिनेट टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने आधी ‘व्होकल’ नावाचं ॲप काढलं. त्यावर लोक आपल्या भाषेत प्रश्न विचारायचे आणि जाणकार उत्तरं द्यायचे. तिथे लक्षात आलं की भारतीय भाषांत बोलणाऱ्यांना कुणी प्रश्न विचारण्याची वाट बघायची नसते. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं, जागा तेवढी नसते. ट्विटरवर कन्नडात किंवा मराठीत लिहिता येत होतं, पण तिथली सगळी बैठकच इंग्रजी. मराठीत चार ओळी लिहिल्या तर त्या कुणापर्यंत पोचतील, याचा भरवसा नसे.

‘कू’ उघडलं की पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी यायची, प्रत्येक भाषा तिच्या लिपीत. तुम्ही भाषा निवडली की पुढचं सगळं त्या भाषेत. लिहायला ४०० अक्षरं. लिहायचं नसेल तर आवाज किंवा व्हिडिओ टाका. कीबोर्डवर जोडाक्षरं जुळवताना दमणाऱ्या माणसाला आवाजाची सोय किती मोलाची, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. खूण म्हणून एक पिवळं पाखरू. सगळी मांडणी ट्विटरसारखीच होती, हे खरं आहे. पण भाषेला दारातच मान देण्याची गोष्ट ट्विटरने केली नव्हती, ती या मंडळींनी केली.

अशा ॲपची पहिली अडचण पैशाची नसते. जिथे कुणी नाही तिथे कुणी येत नाही, ही असते. नव्याने भरवलेल्या आठवडी बाजारासारखं आहे हे: गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार येत नाही आणि दुकान नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. हा तिढा प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला आहे. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी उघडलं आणि मग एकेक कॉलेज करत वाढलं. ऑर्कुट त्याच वर्षी निमंत्रणावर सुरू झालं, आणि कुणी ठरवलेलं नसताना ब्राझील आणि भारताने ते आपलंसं केलं.

आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण ‘शेअरचॅट’चं. आयआयटी कानपूरच्या अंकुश सचदेवा, भानू सिंग आणि फरीद अहसान या तिघांचे आधीचे बरेच प्रयोग फसले होते. मग त्यांच्या पाहण्यात फेसबुकवरची एक नोंद आली. सचिन तेंडुलकरच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप गट काढायचा म्हणून कुणीतरी लोकांना फोन क्रमांक मागितले होते, आणि खाली अनोळखी माणसांनी आपापले क्रमांक बिनदिक्कत लिहून ठेवले होते. या तिघांनी ते क्रमांक गोळा केले, शंभर-शंभरांचे गट केले, आणि बघता बघता त्या गटांत संदेशांचा पाऊस सुरू झाला. एकमेकांना न ओळखणारी, लहान गावांतली माणसं. पण त्यांना बोलायचं होतं. २०१५ मध्ये त्यातून शेअरचॅट उभं राहिलं. पुढे त्यांनी भाषांच्या यादीतून इंग्रजी काढूनच टाकली. इंग्रजी दिसली की लोक सवयीने, किंवा थोड्या संकोचाने, तीच निवडत आणि मग अनोळखी गर्दीत गप्प बसत. इंग्रजी काढली तसं ॲप वाढलं. मराठी तिथे सुरुवातीच्या भाषांपैकी होती. ‘कू’ला वाट दाखवणारं हेच उदाहरण होतं, असं मला वाटतं. मात्र शेअरचॅटवर शुभ सकाळ, शायरी, देवाचे फोटो यांची देवाणघेवाण चाले. ‘कू’ला चर्चा हवी होती. चर्चा जमवणं कितीतरी अवघड.

म्हणून एकच भाषा आणि एकच राज्य धरून सुरुवात करण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. कन्नड बोलणारे २०११ च्या जनगणनेत चार कोटींहून अधिक. त्यांच्याकडे दैनिकं, साहित्य, सिनेमा, राजकारण, क्रिकेट सगळं आहे. विषय आयते होते. बंगळूरातच बसून ज्याला पाहिजे त्याला भेटता येत होतं. एका भाषेतली गर्दी आधी दाट करायची, मग दुसरी भाषा घ्यायची, हा क्रम बरोबर होता. तो पुढे का मोडला, त्याचं उत्तर २०२० च्या पावसाळ्यात सापडतं.

गलवानच्या चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. आठवडाभरातच ‘आत्मनिर्भर भारत ॲप इनोव्हेशन चॅलेंज’ जाहीर झालं. त्यात जवळजवळ सात हजार प्रवेशिका आल्या आणि ऑगस्टमध्ये निवडलेल्या २४ ॲपमध्ये ‘कू’चं नाव होतं. ३० ऑगस्टच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला; मातृभाषेत लिहून, बोलून, व्हिडिओ टाकून संवाद साधता येतो, हे सांगितलं. कुठल्याही नव्या कंपनीला स्वप्नात मिळणार नाही अशी ही जाहिरात. पण त्या दिवसापासून लोक या ॲपकडे स्वदेशी म्हणून बघू लागले. कन्नड ॲप ही ओळख मागे पडली. देशाभिमान ही चांगली गोष्ट आहे. पण रोज सकाळी ॲप उघडायला ती पुरत नाही. तिथे आपल्या गावचा पाऊस, आपल्या शाळेचा निकाल, आपल्या आवडीचा लेखक भेटावा लागतो.

मग २०२१ चा फेब्रुवारी आला. शेतकरी आंदोलनाला २६ जानेवारीच्या दिल्लीतल्या घटनांनी वेगळं वळण लागलं होतं. ३१ जानेवारीला सरकारने ट्विटरला अडीचशेहून अधिक खाती आणि नोंदी बंद करायला सांगितलं. ट्विटरने १ फेब्रुवारीला त्या रोखल्या आणि त्याच दिवशी पुन्हा खुल्या केल्या. त्यांत ‘द कॅरव्हान’ या मासिकाचंही खातं होतं. काही दिवसांत आणखी सुमारे १,२०० खात्यांची यादी गेली. ट्विटरने बऱ्याच खात्यांवर कारवाई केली; पत्रकार, कार्यकर्ते आणि राजकारणी यांच्या खात्यांना मात्र हात लावणार नाही, असं कळवलं. ९ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी आपण ‘कू’वर आल्याचं जाहीर केलं, आणि तेही ट्विटरवरून. तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद आधीच तिथे होते. १० फेब्रुवारीला माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ट्विटरला दिलेलं उत्तर ‘कू’वर टाकलं. सरकार एका खाजगी कंपनीला खडसावतंय आणि त्यासाठी दुसऱ्या खाजगी कंपनीचा फळा वापरतंय, असं दृश्य आपल्या सार्वजनिक जीवनात आधी दिसलं नव्हतं.

तोवर ‘कू’ सुमारे ३० लाख वेळा डाउनलोड झालं होतं. त्या आठवड्यात आकडे झपाट्याने चढले, सर्व्हर अडखळू लागले. एका फ्रेंच सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की वापरकर्त्यांची ईमेलसारखी खाजगी माहिती ॲपमधून बाहेर दिसते आहे. मूळ कंपनीत ‘शुनवेई’ या चिनी गुंतवणूकदाराचा वाटा असल्याचं निघालं. स्वदेशीच्या नावावर आलेल्या लोकांना ते बोचणं साहजिक होतं. मार्चमध्ये तो वाटा भारतीयांनी विकत घेतला; घेणाऱ्यांत माजी क्रिकेटपटू जवागल श्रीनाथ होते, ‘बुकमायशो’चे आशिष हेमराजानी होते, ‘झेरोधा’चे निखिल कामतही होते. श्रीनाथ हे कर्नाटकाचं नाव, म्हणून बंगळूरात त्याचं कौतुक झालं. मे २०२१ मध्ये ‘टायगर ग्लोबल’ने पुढाकार घेतलेली ३ कोटी डॉलरची गुंतवणूक आली.

या सगळ्या धामधुमीत कन्नडात लिहिणारा पहिला माणूस कुठे होता? तो तिथेच होता, पण भोवतालचं बोलणं बदललं होतं. एका राजकीय बाजूचे लोक मोठ्या संख्येने आले, कारण ते दुसऱ्या घरातून रागावून निघाले होते. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी या घराला त्यांचं घर म्हणून शिक्का मारला आणि ते आलेच नाहीत. आम्ही कुणाच्या बाजूचे नाही, असं संस्थापक पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि ते मनापासून सांगत असावेत. पण पहिली मोठी गर्दी ज्या कारणाने येते, ते कारण त्या जागेच्या भिंतींत मुरतं. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये नेमकी उलटी घटना घडली होती. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा दुसऱ्या बाजूचे भारतीय वापरकर्ते रागाने ‘मॅस्टोडॉन’ या दुसऱ्या समाजमाध्यमावर गेले. काही आठवड्यांत बहुतेक परतले. रागाने निघालेला माणूस राग ओसरला की जुन्या घरी परततो. ओळखीची माणसं तिथेच राहिलेली असतात.

मराठीची बाजूही इथे सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘कू’वर मराठी होती. त्याच वर्षी एकच मजकूर एका वेळी अनेक भाषांत प्रसिद्ध करण्याची सोय आली: तुम्ही मराठीत लिहा, तो कन्नडात, तमिळात, बंगालीत जाईल. जोयडा, हल्याळ, खानापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही सोय काय वाटली असेल, हे मुंबईकराला पटकन उमगायचं नाही. सीमाभागात कन्नड आणि मराठी यांच्यामध्ये राजकारणाने जी भिंत उभी केली आहे, तिच्या दोन्ही बाजूंना तोच पाऊस आणि तीच भातशेती आहे. बेळगावचं मराठी दैनिक वाचणारा माणूस आणि हुबळीचं कन्नड दैनिक वाचणारा माणूस रामनगरात एकाच हॉटेलात चहा पितात. यंत्राने केलेलं भाषांतर ओबडधोबड असेल, पण या दोघांचं लेखन एकमेकांसमोर ठेवण्याची इच्छा कुणाला तरी झाली, याला मी मोठं काम मानतो.

भाषेच्या जोरावर वाचक उभा करणं किती कष्टाचं असतं, हे मराठीला १९० वर्षांपासून माहीत आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी अशी मांडणी केली. मराठीत वर्तमानपत्र वाचायची सवयच कुणाला नव्हती. ती पत्राबरोबरच घडवायची होती. वर्गणीदार शेकड्यांत होते. तरी ‘दर्पण’ जुलै १८४० पर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षं चाललं. बाळशास्त्रींवर दर तीन महिन्यांनी वाढीचा आकडा दाखवण्याचं बंधन नव्हतं. ‘कू’वर ते होतं.

त्या बंधनापायी ॲप जग फिरून आलं. जून २०२१ मध्ये नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली. राष्ट्राध्यक्ष बुहारी यांचा मजकूर ट्विटरने काढून टाकल्याचं ते उत्तर होतं. राधाकृष्ण यांनी लगेच ‘कू’ तिथे उपलब्ध असल्याचं जाहीर केलं आणि नायजेरिया सरकारने खातं उघडलं. जानेवारी २०२२ मध्ये बंदी उठली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं. नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये ‘कू’ अचानक गाजलं. पोर्तुगीजमध्ये त्या नावाचा उच्चार एका असभ्य शब्दासारखा होतो, म्हणून लोकांनी थट्टेत ते उचललं. दोन दिवसांत दहा लाखांवर डाउनलोड झाले. कंपनीने घाईने पोर्तुगीज आणली. डिसेंबरात ट्विटरने ‘कू’चं एक खातंच बंद केलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सॅन फ्रान्सिस्को: प्रत्येक वेळी पाहुणे दुसऱ्याच्या घरातल्या भांडणामुळे आलेले.

२०२२ हे भरतीचं वर्ष. संस्थापकांनी नंतर सांगितलेले आकडे असे: रोज ॲप उघडणारे २१ लाख, महिन्याकाठी सुमारे १ कोटी, आणि खाती असलेल्या नामवंतांची संख्या ९,००० च्या वर. भारतात ट्विटरला मागे टाकायला आपल्याला थोडेच महिने हवे होते, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्याच वर्षी जगभर स्टार्टअपचा पैसा आटला. सहा कोटी डॉलरच्या आसपास उभारलेली रक्कम संपत चालली. फोटो, आवाज, व्हिडिओ साठवायचे, दहा भाषांतली शिवीगाळ आणि अफवा चाळायच्या, भाषांतरं करायची, हे सगळं महागडं काम. जाहिराती मात्र तुटपुंज्या. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६० कर्मचाऱ्यांतल्या ३० टक्क्यांना काढलं गेलं. ‘डेलीहंट’ या बातम्यांच्या ॲपशी विलीनीकरणाची बोलणी झाली, ती फिसकटली. ३ जुलै २०२४ रोजी राधाकृष्ण आणि बिदावतका यांनी लिंक्डइनवर निरोपाचं पत्र लिहिलं. मोठ्या कंपन्या आणि माध्यमसमूह वापरकर्त्यांच्या मजकुराची जोखीम घ्यायला तयार नव्हते, आणि समाजमाध्यमाला पाच-सहा वर्षं धीर धरणारं भांडवल लागतं, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की भारतीय भाषांच्या ॲपचा तो निरोप इंग्रजीत होता.

धीराचा मुद्दा मला पटतो, पण तो भांडवलापुरता ठेवायला मी तयार नाही. कन्नडाची बैठक पक्की होण्याआधी हिंदीकडे, तिथून दिल्लीकडे, मग लागोसकडे आणि साओ पावलोकडे धाव घेतली गेली. हुबळी, शिरसी, कारवार इथे लोक ‘कू’वर काय वाचतात, त्यांना काय मिळत नाही, याचा शोध घेत आणखी दोन वर्षं काढली असती तर? वाढ कमी दिसली असती, हे मान्य. पण मुळं खोल गेली असती. बंगळूरातून जोयडा सुमारे पाचशे किलोमीटर. लागोस त्याहून किती दूर!

आणि या पाचशे किलोमीटरांत आणखी एक अडथळा होता, तो कुठल्याही ॲपच्या हातातला नव्हता. पहिल्या कन्नड वापरकर्त्यांची जमवाजमव चालू होती त्याच २०२० मध्ये उत्तर कन्नडच्या घाटमाथ्यावरची मुलं ऑनलाइन वर्गासाठी टेकडीवर जात होती, कारण सिग्नल तिथेच लागे. पावसाळ्यात प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली, मांडीवर वही घेऊन. जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आणि राखीव जंगलात मोडतो. केबल टाकायची, टॉवर उभारायचा, तर वनखात्याच्या परवानगीपासून सुरुवात. काळी नदीवरच्या सुपा धरणाने जुनं सुपा गाव पाण्याखाली घेतलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, इथल्या पाण्यावर राज्याला वीज मिळाली. पण कुणब्यांच्या कित्येक वाड्यांवर फोनची कांडी दिसायला पुढे अनेक वर्षं गेली. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सिग्नल नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली. त्या महिन्यांत ‘कू’ आपल्या शिखराकडे चाललं होतं. ज्या माणसासाठी भारतीय भाषांचं समाजमाध्यम सर्वांत गरजेचं, त्याच्या दारात ते पोचवण्याचं काम सरकारी कागदावर तेव्हा कुठे सुरू होत होतं.

कोंकणीचं काय, हा प्रश्न मला इथे बसून सोडवत नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत कोंकणी १९९२ पासून आहे, २०११ च्या जनगणनेत साडेबावीस लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. पण ‘कू’च्या सुरुवातीच्या भाषांत ती नव्हती. गोव्यात देवनागरी, कर्नाटकात बरेचदा कन्नड लिपी, ख्रिस्ती समाजात रोमी, असा तिचा पसारा. मोठ्या बाजाराचा हिशेब करणाऱ्याला ती परवडत नाही. पण पहिले वापरकर्ते हवे असतील तर अशाच भाषेत ते सर्वांत निष्ठेने टिकतील, कारण त्यांना जायला दुसरी जागा नाही. हंगामात कोनें, मुडली असे कंद काढणारी, त्यांच्या शेकडो वर्षांच्या जाती ओळखणारी कुणबी बाई आवाजाचं बटण दाबून दोन मिनिटं बोलली असती, तर ते ऐकायला कारवारपासून कुडाळपर्यंत माणसं जमली असती, अशी माझी खात्री आहे.

निरोपाच्या पत्रात संस्थापकांनी एक गोष्ट देऊ केली होती. आपण उभारलेलं तंत्र, म्हणजे अनेक भाषांत एकाच वेळी संवाद घडवणारी यंत्रणा, देशासाठी काही करू पाहणाऱ्या कुणाला द्यायची तयारी आहे, आणि ती सार्वजनिक डिजिटल संपत्ती म्हणून खुली करण्याचाही विचार करू, असं त्यांनी लिहिलं. बंगळूर आणि मुंबईतली दोन्ही राज्य सरकारं, धारवाडचं आणि कोल्हापूरचं विद्यापीठ, गोव्याची कोंकणी अकादमी, यांपैकी कुणीही ते मागू शकतं. मागावं, आणि भाषांच्या पहिल्या यादीत यावेळी कोंकणी घालावी.